‘मिश्र माध्यम’: एवढी पाटी पुरते का?

काजळरेघ

रविवारी भर पावसात मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला जाऊन आले. सहा चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन होतं. सगळे तिशी-पस्तिशीचे आणि मनापासून काम करणारे. नावं देत नाही, कारण विषय त्या सहा जणांचा नाही. विषय चित्राशेजारच्या पाटीचा आहे.

चाळीसेक चित्रं होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त चित्रांच्या पाटीवर माध्यमाच्या जागी दोनच शब्द: ‘मिश्र माध्यम’, म्हणजे एकाहून जास्त प्रकारचं साहित्य वापरलंय एवढंच.

एका चित्रापुढे मी थांबले. विहिरीचा कठडा आणि त्यावर कलंडलेली कळशी. लांबून कठड्याचा दगड रंगवलेला वाटतो. हातभर अंतरावर गेले तेव्हा कळलं की ते विरलेलं कापड आहे आणि त्यावर बारीक धावदोऱ्याच्या ओळी आहेत, गोधडीला घालतात तशा. टाक्यांच्या खळग्यांत तांबूस तपकिरी रंग साचला होता, तो ट्यूबमधला वाटेना. चित्रकार तिथेच होता. विचारलं तेव्हा म्हणाला, आजीच्या लुगड्याची गोधडी होती, तिचा हा तुकडा. रंग म्हणजे कात, पानात घालतात तो. विहीर आजीच्या माहेरची.

शेजारी दुसऱ्या चित्रकाराचं काम होतं. वर्तमानपत्राचे कपटे आणि त्यावर सोनेरी वर्ख. हे कशासाठी, असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘टेक्स्चरसाठी.’ त्याचीही पाटी ‘मिश्र माध्यम’.

माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू नावानिशी लिहा. ‘जुनं लुगडं, सुती दोरा, कात, अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास.’ १९१२ मध्ये पिकासोनं वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि कडेनं दोर लावला. आज त्या चित्राच्या माहितीत तैलरंग, मेणकापड, दोर असं सगळं लिहिलेलं असतं. आपल्याकडे चित्रकार अतुल दोडियांनी दुकानांच्या शटरवर एनॅमल रंगानं चित्रं काढली. २००२ च्या ‘महालक्ष्मी’मध्ये शटरवर लक्ष्मी आहे. शटर वर सरकवलं की मागे गळफास घेतलेल्या तीन बहिणी. त्या शटरला ‘मिश्र माध्यम’ म्हटलं तर अर्धं चित्र आपणच खाली ओढून बंद केलं, असं होईल.

तुम्हाला काय वाटतं?

जुना_ब्रश

असहमत. गेली पस्तीस वर्षं रंगवतोय, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग नसावा.

पाटी ही चित्र ओळखण्यापुरती असते. तुम्ही मिश्र माध्यमाकडूनच हिशेब का मागता? चित्रकार गायतोंड्यांच्या चित्राखाली ‘तैलरंग, कॅनव्हास’ एवढंच असतं. ते रोलर वापरत, पॅलेट नाइफनं रंग खरवडत, वर्तमानपत्राचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. यातलं पाटीवर काही नसतं आणि नसल्यानं काही अडतही नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथेही माणसं आधी त्या रंगापुढेच उभी राहिली असणार.

माझी खरी भीती वेगळी आहे. ‘आजीचं लुगडं’ असं लिहिलं की लोक लुगड्यापुढे हळवे होतात आणि चित्र तपासायचं राहून जातं. कठडा नीट बसलाय का? कळशीचं वजन जाणवतं का? हे कोण विचारणार? हल्ली गॅलरीत चित्रापेक्षा गोष्ट लवकर विकली जाते. तरुण पोरं मग गोष्ट शोधायला लागतात आणि ड्रॉइंग कच्चं राहतं. हे मी शिकवताना रोज बघतो.

काजळरेघ

@जुना_ब्रश, गायतोंड्यांचं उदाहरण योग्य आहे, पण रोलर हे साधन झालं. मी साधन विचारत नाही, चित्रात काय उरलंय ते विचारते. वर्तमानपत्र त्यांनी दाबून काढून टाकलं, चित्रात ते राहिलं नाही. इथे लुगडं चित्रातच आहे.

चित्रकार प्रभाकर बरव्यांचं घ्या. त्यांच्या कित्येक चित्रांच्या पाटीवर ‘एनॅमल, कॅनव्हास’ असतं. तो शब्द वाचेपर्यंत त्यांच्या रंगाचा तो सपाट, गुळगुळीत अलिप्तपणा कुठून येतो हे मला कळत नव्हतं. लोखंडी कपाटाला, सायकलीला लावतात त्या जातीचा रंग, आणि त्यातून इतकी शांत पानं, घड्याळं, लिफाफे. एका शब्दानं मला परत चित्राकडे पाठवलं. हळवी तर मी अजिबात झाले नाही.

माउंटबोर्ड

मी चित्रकार नाही. दादरला फ्रेमिंगचं काम करतो, वडिलांपासून. त्यामुळे मला चित्र मागूनही दिसतं.

ताई म्हणतात ते मला रोज लागतं. गिऱ्हाईक चित्र आणतं, मी विचारतो यात काय काय आहे, ते म्हणतं मिक्स मीडिया. आता मी काय करू? वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, तो पिवळा पडणार आणि चुरा होणार. हळद वापरली असेल तर उजेडात उडणार, खिडकीसमोर लावू नका असं सांगावं लागतं. कात मात्र कापडाला चांगला धरतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक चढवलं असेल तर ते आज ना उद्या पापुद्रे सोडणार. आणि काच चित्राला टेकवली तर मुंबईच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात आत बुरशी धरते. कापड असेल तर मी काच आणि चित्र यांच्यामध्ये पट्टी घालून मोकळी जागा ठेवतो, मागे फटी सीलबंद करत नाही. पण आधी कळलं तर ना!

पुढे दोन शब्द असू देत, मागच्या बोर्डावर सगळी यादी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई फुटते.

पाचवा_मजला

माउंटबोर्ड यांना शंभर टक्के पाठिंबा, आणि माझा अनुभव लिहिते.

चार वर्षांपूर्वी पुण्यात एका गॅलरीतून चाळीस हजाराला एक चित्र घेतलं. शेताचं दृश्य, फार आवडलं होतं. बांधाच्या जागी ठिपके ठिपके उठावदार काम होतं. बिलावर ‘मिश्र माध्यम’. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली. जवळ जाऊन बघितलं तर चित्रातून किडे चालत होते, तांदळात होतात तेच. ते ठिपके खरे तांदूळ होते, गोंदानं चिकटवलेले. गॅलरीला फोन केला तर म्हणाले, मॅडम, मिश्र माध्यम लिहिलं होतं. चित्रकाराचा नंबर दिला नाही. मला तांदळाबद्दल तक्रार नाही. शेतकऱ्याच्या चित्रात तांदूळ असावा हे मला पटतंच. सांगितलं असतं तर आधीच काहीतरी उपाय केला असता. चित्र अजून माझ्याकडेच आहे, बांध अर्धा गेलाय.

सावलीचोर

मी जे.जे. स्कूल ऑफ आर्टला शेवटच्या वर्षाला आहे. वरची चर्चा वाचून थोडी घुसमट झाली. सगळे टिकण्याबद्दल बोलताय, जणू चित्र म्हणजे फ्रिज आहे आणि गॅरंटी कार्ड हवंय.

१९९२ मध्ये चित्रकार नलिनी मालानींनी तेव्हा जहांगीरच्याच इमारतीत असलेल्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर थेट चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. पुसलं जाणं हाच त्या कामाचा भाग होता. प्रभाकर पाचपुते चंद्रपूरच्या सास्तीचे. घरची माणसं कोळशाच्या खाणीत काम करणारी, आणि ते भिंतीवर कोळशानंच चित्र काढतात. तो कोळसा शंभर वर्षं टिकावा म्हणून कुणी बघत नाही. ते मला आमच्या वर्गातल्या कुठल्याही तैलचित्रापेक्षा खरं वाटतं.

आणि ‘मिश्र माध्यम’ हा शब्द आम्ही आवडीनं वापरत नाही. स्पर्धेच्या अर्जावर रकाने असतात: चित्र, शिल्प, मुद्राचित्रण (ठसा करून छापलेली चित्रं). ज्याचं काम कशातच बसत नाही त्याला हा रकाना मिळतो. माझ्या आईची भांडी आणि माझं ड्रॉइंग एकत्र आहे, ते मी कुठे लिहू? तोच शब्द पुढे पाटीवर येऊन बसतो. भांडण करायचं तर त्या अर्जाशी करा.

जुना_ब्रश

@सावलीचोर, पाचपुत्यांच्या कोळशाबद्दल एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण त्यांचं ड्रॉइंग बघा. त्या माणसाची रेघ पक्की आहे, म्हणून कोळसा बोलतो. कच्च्या रेघेच्या हातात खाणीतला कोळसा दिला तरी तो कोळसाच राहील. चित्रकार सुधीर पटवर्धनांनी आयुष्यभर बहुतेक तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिकच वापरले, त्यातली बरीच वर्षं ठाण्यात डॉक्टरकी सांभाळून. त्यांच्या ‘लोअर परळ’ या चित्रात गिरणीचा एकही खरा खिळा चिकटवलेला नाही, तरी गिरणगाव आहे.

@पाचवा_मजला, तुमच्याशी जे झालं ते चूक झालं. बिलावर सगळं लिहिलंच पाहिजे, यात वाद नाही. माझा विरोध भिंतीवरच्या पाटीला आहे. लुगडं कळल्यावरच ते चित्र पूर्ण होत असेल, तर चित्रकारानं ते भिंतीवर अपुरं लावलं.

काजळरेघ

@जुना_ब्रश, लुगडं कळायच्या आधीच मी थांबले होते. कठड्याच्या त्या खरखरीत, दबलेल्या पोतानं थांबवलं. नाव नंतर कळलं, आणि कळल्यावर मला कळशी वेगळी दिसली. ती कुणीतरी घाईत ठेवून गेलेली वाटली. अपुरं चित्र माणसाला थांबवत नाही.

@सावलीचोर, अर्जाचं तुझं म्हणणं मला नवीन आहे आणि पटलंय. पण मग उलट तूच पाटीवर ‘आईची भांडी’ लिही ना. रकाना त्यांचा असेल, पाटी तुझी आहे. टिकायचं नसेल तर ‘प्रदर्शनानंतर पुसलं जाईल’ असंही लिही.

@माउंटबोर्ड, पेन्सिलीचं लक्षात ठेवीन. फक्त मागचा बोर्ड विकत घेणाऱ्यालाच दिसतो. जहांगीरला येणारे बहुतेक जण फोर्टातली कामं उरकून पावसातून आत शिरलेले असतात. तिथे तिकीट नाही, म्हणून येतात. त्यांना भिंतीवर जे असेल तेवढंच मिळतं.

माउंटबोर्ड

हे खरं आहे. मी फक्त चित्र घेणाऱ्याचा विचार केला होता.

काजळरेघ

सोमवारी शेवटचा दिवस होता, म्हणून ऑफिसमधून सुटून सातच्या आत पुन्हा गेले. त्या मुलानं पाटीवर ‘मिश्र माध्यम’ खोडून खाली हातानं लिहिलं होतं: ‘आजीचं इरकली लुगडं, दोरा, कात, अ‍ॅक्रिलिक’. मी अर्धा तास बाकावर बसून बघत होते.

@जुना_ब्रश, तुमची भीती खोटी नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. सात-आठ जण आले, त्यातल्या पाच जणांनी आधी पाटी वाचली. दोघं वाचून ‘अरे वा’ म्हणाले आणि चित्राकडे धड न बघता पुढे गेले. मला वाईट वाटलं.

मग एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या असतील, सोबत नात. त्यांनीही आधी पाटीच वाचली. मग चष्मा कपाळावर सरकवून चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की रखवालदार दोन पावलं पुढे आला. नातीला म्हणाल्या, ‘हा पदराकडचा भाग आहे. लाल दिसतंय बघ काताखाली, आणि पांढरं. अंगावरचं लुगडं असं मधे विरतं, पदर मागे राहतो.’ मग बराच वेळ त्या कळशीकडे बघत उभ्या राहिल्या.

काताखालचा तो लाल मला दोन्ही वेळा दिसला नव्हता.

जुना_ब्रश

तो लाल रंग चित्रकारानं ठेवलाय की आपोआप राहिलाय, हे विचारलंत का? ठेवला असेल तर त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. पाटीबद्दल माझं मत अजून तेच आहे.