मदत हवी आहे : गल्फ स्ट्रीम नाही तर मग इथला हिवाळा सौम्य कशामुळे?

सईची_आई
मुलीने भूगोलाच्या प्रकल्पात लिहिलं की आपल्याकडे थंडी कमी, कारण गल्फ स्ट्रीम, म्हणजे अटलांटिकमधला उबदार सागरी प्रवाह. बाईंनी शेरा मारलाय, "एवढंच पुरेसं नाही." आम्ही शाळेत हेच तर शिकलो! शुक्रवारी द्यायचंय. कोणीतरी नीट सांगा प्लीज, लिंका नकोत.

रानवारा
"आपल्याकडे" म्हणजे कुठे? आणि इयत्ता कितवी?

दर्यावर्दी
गल्फ स्ट्रीमच, दुसरं काय! अटलांटिकवर बोटी नेल्या आहेत मी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हॅलिफॅक्स आणि फ्रान्समधलं बोर्दो दोन्ही ४४-४५ अंश उत्तरेला. जानेवारीत हॅलिफॅक्सजवळ रेलिंगवर उडालेलं पाणी जागीच गोठतं, डेकवरचा बर्फ घण मारून फोडावा लागतो. बोर्दोला साध्या जॅकेटवर भागतं. बाईंना म्हणावं, एकदा बोटीवर या.

सुगरण_मीरा
मेरिनोचे थर्मल घ्या, सुती बनियनवर सुती बनियन चढवू नका. घाम आला की जास्त गारठतं.

सईची_आई
मीराताई, कपड्यांचं नाही विचारलं हो. ग्लासगो, स्कॉटलंड. वय १३.

हवापाणी
दर्यावर्दीकाका, तुम्ही पाहिलंत ते खरं, पण त्याचं मुख्य कारण प्रवाह नव्हे. ग्लासगो आणि मॉस्को जवळपास एकाच अक्षांशावर, ५६ च्या आसपास. जानेवारीची सरासरी ग्लासगोत ४ अंशांच्या आसपास, मॉस्कोत उणे ६ च्या. या पट्ट्यात वारे पश्चिमेकडून वाहतात. समुद्र उन्हाळ्यात उष्णता साठवतो, हिवाळ्यात सोडतो आणि वारा ती ग्लासगोवर आणतो. हॅलिफॅक्सलाही वारा पश्चिमेकडूनच येतो, पण तिथे पश्चिमेला गोठलेला कॅनडा आहे. शिवाय रॉकी पर्वतामुळे वाऱ्याला बाक येतो : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो वायव्येकडून गार उतरतो, युरोपात नैऋत्येकडून उबदार चढतो. हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच मांडलं.

दर्यावर्दी
आणि नॉर्वेचा किनारा? इतक्या उत्तरेला बंदरं हिवाळाभर उघडी असतात, ती काय रॉकी पर्वतामुळे?

हवापाणी
नाही, तिथे प्रवाहाचा वाटा मोठा आहे, ते सीगरही मान्य करतात. पण पॅसिफिक बघा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर ४९ अंशांवर, हिवाळा सौम्य. समोरच्या किनाऱ्यावरचं रशियाचं व्लादिवोस्तोक ४३ वर, तरी तिथे बर्फ फोडणाऱ्या बोटी लागतात. व्हँकुव्हरला कुठला आलाय गल्फ स्ट्रीम? समुद्राच्या पूर्वेचा किनारा ऊबदार, पश्चिमेचा गार, हे दोन्ही महासागरांत सारखंच आहे.

द्राक्षबागायतदार
अवांतर : आम्ही बागेवर फवारतो ते बोर्डो मिश्रण वर आलेल्या बोर्दो गावाचंच का? मोरचूद आणि चुना?

दर्यावर्दी
तेच. त्या भागातल्या द्राक्षमळ्यांतच निघालं ते.

द्राक्षबागायतदार
मग हेही सांगा, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे महाराष्ट्रात गारपीट झाली, त्याचा या पश्चिमेच्या वाऱ्यांशी संबंध आहे का? वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते?

हवापाणी
आहे. वेस्टर्न डिस्टर्बन्स ही कमी दाबाची वादळी प्रणालीही याच पश्चिमी वाऱ्यांतून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येते. काश्मीर-हिमाचलचा बर्फ तिचाच. तिचा प्रभाव दक्षिणेपर्यंत आला आणि खाली बाष्प असलं की गारा.

सईची_आई
अहो, माझा धागा! बाईंनी दुसरा प्रश्नही दिलाय : २००९-१० ला इतका बर्फ आणि २०१३-१४ ला नुसता पाऊस, असं का?

रानवारा
हे आधी सांगायचं ना ताई, इथेच तर खरी गोम आहे! त्याचं नाव नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन, म्हणजे हवेच्या दाबाचं दोलन. अझोर्स बेटांवर जास्त दाब, आइसलँडजवळ कमी दाब. दोन्हींतला फरक मोठा, तर पश्चिमेचे वारे जोरदार : उत्तर युरोपात वादळी, ओला, उबदार हिवाळा आणि स्पेन कोरडा. फरक घटला की वारे मंदावतात, आर्क्टिक आणि सायबेरियाची थंडी आत शिरते. २००९-१० ला या फरकाचा निर्देशांक खूप खाली होता, २०१३-१४ ला वर. त्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा सखल भाग पाण्याखाली होता. आणि सईला हे जरूर सांगा : या दोलनाला नाव दिलं गिल्बर्ट वॉकर यांनी. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते ते. मान्सूनचा अंदाज बांधायला जगभरचे दाबाचे आकडे ताडून बघत होते, त्यातून हे हाती लागलं. एल निनोशी जोडलेलं सदर्न ऑसिलेशनही त्यांचंच.

भविष्यवेध
उबदार पाणी वरून उत्तरेला आणि गार पाणी खोलातून दक्षिणेला नेणाऱ्या अटलांटिकच्या मोठ्या अभिसरणाबद्दल कोणी बोलतच नाहीये! ते बंद पडलं की युरोप गोठणार. ते लिहा.

रानवारा
२००४ पासून २६.५ अंश उत्तरेला ते सलग मोजलं जातंय. मंदावण्याची काळजी खरी आहे, पण या दोन प्रश्नांचं उत्तर ते नव्हे. पोरीला घाबरवू नका.

सईची_आई
खूप आभार. ती नकाशा काढतेय. अझोर्स नेमकं कुठे? बाण कसे दाखवायचे?

रानवारा
पोर्तुगालच्या पश्चिमेला, साधारण दीड हजार किलोमीटर. जास्त दाबाभोवती बाण घड्याळाच्या दिशेने, कमी दाबाभोवती उलट. दोन्हींच्या मधले बाण आपोआप पश्चिमेकडून थेट स्कॉटलंडवर येतील.