डबीत कफ होता की लाळ?

कफाच्या कल्चरच्या (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) अहवालात ‘नॉर्मल फ्लोरा’ म्हणजे तोंडा-घशातले नेहमीचे जिवाणू आले, म्हणून फुफ्फुसात जिवाणूसंसर्ग नव्हताच, असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. हा शेरा पुष्कळदा फुफ्फुसाविषयी नसून डबीत काय आले याविषयी असतो. मी प्रयोगशाळेत काम करते. सकाळी येणाऱ्या अनेक डब्यांत कफ नसतोच, नुसती फेसाळ लाळ असते. म्हणून कल्चर लावण्याआधी ग्रॅम स्टेन करून (म्हणजे जिवाणू दिसावेत म्हणून रंग देऊन) नमुना कमी शक्तीच्या भिंगाखाली तपासतात. भिंगाखाली एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रात तोंडाच्या अस्तराच्या पेशी १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त दिसल्या, तर तो छातीतून आलेला कफ समजायचा, नाहीतर नमुना पुन्हा मागवायचा (यावर नातेवाईक चिडतात, ते वेगळे).

नमुना चांगला असला तरी न्यूमोकोकस हा न्यूमोनिया करणारा जिवाणू नाजूक आहे. डबी दुपारपर्यंत टेबलावर राहिली किंवा अँटिबायोटिकचा एखादा डोस आधीच पोटात गेला, तर तो बहुधा उगवत नाही. उगवला तरी ब्लड अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या रक्तमिश्रित थरावर) त्याच्या वसाहतींभोवती घशातल्या निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकसांसारखेच हिरवट वलय दिसते आणि ऑप्टोचिन या रसायनाची चकती ठेवण्यासारखी चाचणी केल्यावरच फरक उमगतो. न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूला तर पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) नसते. तो ग्रॅम स्टेनमध्ये दिसत नाही, नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही, त्याच्यासाठी पीसीआरसारखी (जिवाणूचा डीएनए शोधणारी) वेगळी तपासणी करावी लागते. तेव्हा पहिल्या गोळीआधी, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेला कफ २ तासांच्या आत पोहोचला होता का, हे आधी विचारावे.