स्टाफ नर्स पुरुष असेल तर मराठीत काय लिहायचं?

अनुस्वार: रक्त देण्याच्या सूचनांचा तक्ता मराठीत करतोय, वॉर्डात लावायचाय. त्यात एक जण रक्तपेढीतून पिशवी आणतो आणि नर्स ती तपासते. मी 'परिचर' आणि 'परिचारिका' लिहिलं. शेरा आला की वॉर्डात ब्रदरही आहेत, 'परिचारिका' चालणार नाही. 'परिचारक' केलं तर लागोपाठच्या ओळींत 'परिचर' आणि 'परिचारक'. काय करावं?

वॉर्ड नंबर चार: त्या तक्त्यात ही जोडी नकोच. पिशवी आणणाऱ्याचं काम आणून देण्यापुरतं. पुढे दोन नर्सनी खाटेजवळ उभं राहून पेशंटला त्याचं नाव सांगायला लावायचं. 'तुम्ही पाटील ना?' असं विचारायचं नाही, झोपेत कोणीही हो म्हणतं. मग आयपी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक), पिशवीचा नंबर, रक्तगट, आरएच (रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह), मुदत, क्रॉसमॅचचा म्हणजे पेशंटशी रक्त जुळवून पाहिल्याचा कागद. पेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू करायची, चार तासांत संपवायची, पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. घोटाळा होतो तो टेबलावर बसून दोन पेशंटच्या पिशव्या एकदम ताडल्या की. आणणारा आणि तपासणारा यांच्यात एका काना नि 'क'चाच फरक ठेवलात तर रात्रपाळीत तो कोण वाचणार?

यास्कपंथी: पण नर्सला मूळ शब्द 'परिचर' हाच आहे! चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, रोगी आणि सेवा करणारा. या चौथ्याचे गुण सांगताना 'परिचर' हाच शब्द येतो. उपचाराची जाण, दक्षता, रोग्याविषयी माया, स्वच्छता. जिल्हा परिषदांनी तो शिपायाला देऊन वाया घालवला.

झेडपीकर: वाया कसला? 'शिपाई' म्हणणं खटकत होतं, 'परिचर' रुळला. उपकेंद्रात 'अंशकालीन स्त्री परिचर' असते. तिला चरकाचे चार गुण सांगून बघा, ती आधी मानधनाचं विचारील.

अनुस्वार: मग 'अधिपरिचारक' लिहू का?

वॉर्ड नंबर चार: लिहा, पण वाचणारा फसेल. सरकारी उतरंडीत अधिपरिचारिका म्हणजे साधी स्टाफ नर्स. तिच्या वर परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन. 'अधि' खालच्या पायरीलाही आणि वरच्या टोकालाही! भाषांतरात अधिपरिचारिकेची हमखास हेड नर्स होते. वॉर्डात यातलं काहीच चालत नाही. तिथे सिस्टर, ब्रदर, इन्चार्ज, मेट्रन आणि पिशवी आणणारे मामा.

यास्कपंथी: 'सिस्टर' मठातल्या जोगिणींकडून आलेला शब्द. आपण का वागवायचा?

झेडपीकर: मावशी आणि मामा चालतात, बहीण चालत नाही? विलायतेत 'सिस्टर' हा वॉर्डच्या प्रमुखाचा हुद्दा, आपल्याकडे सरसकट सगळ्या. आणि गावात 'सिस्टर' म्हणजे उपकेंद्राची एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), कागदावर आरोग्यसेविका. एका उपकेंद्राला सपाटीला ५,००० लोकसंख्या, आदिवासी भागात ३,०००. तिच्या हाताखाली नव्हे पण जोडीला आशाताई, साधारण हजारामागे एक. २०१८ नंतर वर आणखी समुदाय आरोग्य अधिकारी आले, सहा महिन्यांचा कोर्स करून. त्यांत बीएससी नर्सिंगवालेही आहेत, आयुर्वेदाचे बीएएमएसही. मग एकाच पदाला एका गावात 'मॅडम', पलीकडच्या गावात 'डॉक्टर'. बीपी-शुगरच्या चालू गोळ्या पुढे देणं त्यांचं काम, पण लोक म्हणतात 'डॉक्टरनी गोळ्या बदलून द्याव्यात'. हाक चुकली की अपेक्षाही चुकते.

चिमूटभर: औषधवाल्यांचं कोणी काढत नाही! 'औषध निर्माण अधिकारी' काहीही निर्माण करत नाही, पाकिटं मोजून देतो. निर्माण करायचा तो कंपाउंडर. मिक्श्चर ढवळायचा, बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. आज डीफार्म (फार्मसीचा डिप्लोमा) दोन वर्षांचं, वर ५०० तासांचं प्रशिक्षण, तरी काउंटरवर हाक 'कंपाउंडर' हीच. आणि फार्मसिस्टला ती शिवी वाटते.

यास्कपंथी: 'भेषजी' म्हणा.

चिमूटभर: आधी तुम्ही दुकानात म्हणून बघा.

अनुस्वार: माझा तक्ता सोमवारी छपाईला जातोय.

वॉर्ड नंबर चार: 'दोन नोंदणीकृत नर्सनी तपासावे' असं लिहा. स्त्री-पुरुष दोघंही आले, आणि नोंदणी म्हटल्यावर शिकाऊ विद्यार्थिनी बाद झाल्या. आणणाऱ्याला 'कक्षसेवक'.

यास्कपंथी: 'नर्स' आणि 'नोंदणीकृत' एका ओळीत? हा धेडगुजरीपणा झाला. निदान 'परिचर्याकर्मी' तरी घ्या.

झेडपीकर: 'कर्मी' म्हटलं की सफाईवालेही त्यात येतात. बरं, एएनएममधल्या 'एम'चं, म्हणजे मिडवाइफचं काय? कागदावर 'प्रसाविका', गावात सुईण. आता नर्सना मिडवायफरीचा वेगळा १८ महिन्यांचा कोर्स निघालाय, तो केलेलीला सुईण म्हटलं तर चालेल?

चिमूटभर: तिला विचारा. आणि धागा वेगळा काढा.