निप्पल, आटे आणि सूत : मॉडेल इंजिनच्या फिटिंगला तुम्ही काय म्हणता?

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. घरी मागच्या खोलीत छोटा लेथ आहे, त्यावर वाफेच्या मॉडेल इंजिनचे फिटिंग बनवणं चालू असतं, म्हणजे बॉयलरपासून सिलिंडरपर्यंत जी तांब्याची बारीक नळी जाते तिचे जोड. पुतण्या आयटीआयला आहे, तो हाताशी असतो, त्याला सगळं मराठीत सांगावं म्हटलं तर शब्दांपाशी अडतं. मुख्य घोळ ‘निप्पल’चा. इतवारीत लोहा ओळीत जाऊन निप्पल मागा, दुकानदार दोन्ही टोकांना आटे (स्क्रूसारख्या खाचा) पाडलेला पाइपचा बोटभर तुकडा काढून देईल आणि त्याचं काही चूक नाही, अख्ख्या शहरातले प्लंबर त्यालाच निप्पल म्हणतात. पण मॉडेलवाल्यांचं निप्पल म्हणजे नळीच्या टोकाला डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) देऊन बसवलेला छोटा शंकू, त्याला आटेच नसतात! आटे युनियनवर, म्हणजे समोरच्या जोडतुकड्यावर, असतात आणि नटाच्या आत, तो नट मागून येऊन शंकूला युनियनच्या सीटवर, म्हणजे शंकू टेकतो त्या खोलगट जागेवर, दाबून धरतो, झाला जोड. तर या शंकूला आपल्याकडे वेगळा शब्द आहे का? दुसरं, थ्रेडला तुम्ही आटे म्हणता की चुडी? इथले मेकॅनिक सर्रास चुडी म्हणतात.

प्रतिसाद १ :
शासकीय परिभाषेत जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर. त्याच धर्तीवर फिटिंगला ‘नळजोड’ आणि या निप्पलला ‘शंकुमुख’ म्हणता येईल. बॉयलरला बाष्पक आहेच, सरकारी खात्याचं नावच बाष्पके संचालनालय आहे. झडप, दट्ट्या हे तर शाळेपासून माहीत असलेले शब्द.

प्रतिसाद २ :
दट्ट्या आणि झडप एकदम मान्य, बोलताना अडखळत नाहीत. कातारी पण चांगला, जुना शब्द आहे, लाकूड कातणाऱ्यांचा. पण संधाता आयटीआयच्या पाटीवरून खाली उतरलेला मी तरी पाहिला नाही, हिंगण्याच्या एमआयडीसीत जाऊन ‘संधाता आहे का’ विचारून बघा 😄 शंकुमुखाचं तेच होईल. त्यापेक्षा नुसतं ‘शंकू’ म्हणा, पोराला लगेच दिसतं काय वस्तू आहे ते.

प्रतिसाद ३ :
मी रिटायर्ड टर्नर. शब्द बनवत बसायच्या आधी जे आहेत ते तर वापरा बाप्पा. आमच्या शॉपमध्ये मापाचा शब्द होता सूत. एक सूत म्हणजे १/८ इंच, आठ सुताचा इंच. हार्डवेअरच्या दुकानात अजूनही ‘चार सुताचा बोल्ट’ म्हटलं की अर्ध्या इंचाचा मिळते, काही समजवा लागत नाही. आता मॉडेलवाल्या नळ्यांची मापं पहा, ती सगळी इंग्रजी इंचातली आणि बाहेरच्या व्यासावर धरलेली : १/८ म्हणजे एक सूत, ५/३२ म्हणजे सव्वा सूत, ३/१६ म्हणजे दीड सूत. ३/३२ पाहिजे तर पाऊण सूत. युनियनचा नेहमीचा आटा १/४ गुणिले ४०, म्हणजे दोन सूत जाड आणि इंचाला ४० आटे, न टॅपनं (आतले आटे पाडायच्या हत्यारानं) आटे पाडायच्या आधीचं भोक ७/३२ चं, ते झालं पावणेदोन सूत. मराठी माणसाले बत्तीसांशाचा हिशेब कायले पाहिजे, पाऊण-सव्वा-दीड तोंडात बसलेलंच आहे. पोरगा मिलिमीटरवाला असंल तं त्याले साडेपाचचं ड्रिल सांगा, काम भागते.

धागाकर्ता :
काका, पावणेदोन सुताचं ड्रिल! हे वहीत लिहून घेतलं. पुतण्याचा प्रश्न, मग सरळ एम-६ (सहा मिलिमीटरचा मेट्रिक आटा) का नाही मारत, टॅप चौकात मिळतो.

प्रतिसाद ३ :
मिळते ना. पण एम-६ मध्ये आट्या-आट्यातलं अंतर एक मिलिमीटर, म्हणून तो खोल जातो, सहा दशांश मिलिमीटरच्या वर. ४० चा आटा जेमतेम चार दशांश खोल. आतून नळीची वाट काढायची आहे, भिंत मुळात पातळ, तिच्यात खोल आटा पाडला तं उरते काय? शिवाय बारीक आट्यानं शंकू हळूहळू न घट्ट दाबल्या जाते. आणि ते प्लंबरवालं तं विसराच, अर्धा इंची पाइपचा आटा बाहेरून मोजला तं २१ मिलिमीटरच्या जवळ भरते, अर्धा इंच त्यात कुठंच सापडत नाही. ते नाव पोकळीवरून पडलेलं. म्हणून पोराले पहिले विचारा, माप आतलं की बाहेरचं.

प्रतिसाद ४ :
आटे/चुडीबद्दल : आटे. चुडी हिंदीतून आलेली आहे, विदर्भात चालते, नाशिककडे पोरं हसतील. बाकी काही ॲपं मराठी करताना थ्रेडला ‘धागा’ करतात, ‘धागा कापा’ वाचून मी कात्री शोधली असती.

प्रतिसाद ५ :
भाऊ, तुम्ही ‘डाख’ लिहिलंत म्हणून आले, माझे वडील सोनारकाम करायचे. आमच्याकडे डाख म्हणजे चांदी-सोन्याचा, टाकणखार लावून फुंकणीनं चढवलेला. पण रेडिओ दुरुस्तीवाले कथलाच्या तारेलाही डाखच म्हणतात. तुमच्या कामात कोणता?

धागाकर्ता :
ताई, बरं झालं विचारलं, इथे शब्द ढिला सोडला तर जोड सुटतो. आपल्याला सोनाराचाच डाख पाहिजे. पाच-साडेपाच बार दाबाला वाफ १६० अंशांच्या आसपास असते आणि कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ ला पाघळायला लागतो, त्याच्या आधीच मऊ पडतो, मग त्यावर कोण भरवसा ठेवणार. चांदीचा सहाशेच्या वर वितळतो. म्हणून मी पुतण्याला ‘चांदीचा डाख’ असं पूर्ण म्हणायला लावतो. टाकणखार लागतोच, सराफ्यात मिळतो. फक्त कॅडमियमवाली कांडी घेऊ नका, धूर विषारी.

प्रतिसाद २ :
आणि पितळ (तांबं-जस्त), कांसं आणि गनमेटल (कांशाचाच एक प्रकार) यांना सरसकट ‘पितळी’ म्हणू नका, हा माझा जुना राग. गरम पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं राहतं, म्हणून बॉयलरला डाख देऊन बसवायचा बुश (फिटिंग आवळायची आटेवाली कडी) गनमेटलचा करतात. बाहेरचा नट पितळेचा चालतो.

प्रतिसाद १ :
बरं, शंकुमुख मागे घेतो, पण ‘शंकू’ आणि ‘सीट’? सीटला तरी ‘बैठक’ म्हणा!

प्रतिसाद ३ :
बैठक चालंल, आम्ही व्हॉल्वची बैठक म्हणतच होतो. सेंटर ड्रिलचं टोक ६० अंशाचं असते, त्यानंच बैठक होऊन जाते, शंकूही ६० चाच काढायचा.

प्रतिसाद ६ :
मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये जाऊन खऱ्या इंजिनचे जोड बघा, पोराला तिथेच शब्द शिकवा. एक क्रियापद माझ्याकडून : ‘ओवणे’. नट आधी नळीवर ओवायचा, मग शंकूला डाख. पोराच्या डोक्यात ‘ओव, मग डाख’ एवढं बसवा, नाहीतर शंकू पक्का झाल्यावर नट टेबलावरच असतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकालाही तोवर शंकू बसलेला असतो.

धागाकर्ता :
दुसऱ्या टोकाचं अगदी बरोबर. दोन्ही नट आधीच ओवून घ्यायचे, पाठीला पाठ लावून. उलटा ओवला तरी नळी कापावीच लागते.