मेवनच्या बिल्डमध्ये पायथॉनची स्क्रिप्ट आपोआप कशी चालवायची?

ऐरोलीकर
महापेला लहानशा ऑफिसात आहे. प्रोजेक्ट जावाचा, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) मेवन या टूलवर. कंटेनर वाहतुकीचे दर सीएसव्हीत येतात आणि त्यावरून पायथॉनची स्क्रिप्ट जावाची क्लास फाइल लिहून थेट मेन सोर्स फोल्डरमध्ये टाकते. आजवर ती हातानेच चालवत होतो. आता एक्झेक मेवन प्लगइन (बिल्डमधून बाहेरची कमांड चालवणारं) लावून पॅकेज फेजला, म्हणजे बिल्डच्या त्या टप्प्याला, बांधलीय. चालते, पण तयार होणाऱ्या जार फाइलमध्ये जुनेच दर! लगेच पुन्हा बिल्ड केली की नवे येतात. काय भानगड आहे?

कोपरीची_ताई
पंगत बसल्यावर भाजी चिरायला घेतलीस की रे! पॅकेज येईपर्यंत कम्पाइल आणि टेस्ट उरकलेल्या असतात. तुझी फाइल त्यानंतर लिहिली जाते, म्हणून पुढच्या बिल्डला दिसते. जनरेट-सोर्सेस फेजला बांध, ती कम्पाइलच्या आधी येते.

आणि फाइल मेन सोर्समध्ये नको. टार्गेटखाली जनरेटेड-सोर्सेसमध्ये लिही आणि बिल्ड हेल्पर प्लगइनच्या ॲड-सोर्स या गोलने (प्लगइनच्या कामाला गोल म्हणतात) तो फोल्डर जोड. क्लीन केलं की जुनी फाइल आपोआप जाते, गिटमध्येही येत नाही. नाहीतर दर बदलले की मर्जला भांडणं ठरलेली.

घोडबंदरला_अडकलेला
ताईंशी सहमत. फक्त स्क्रिप्टमध्ये सगळे एरर पकडून नुसतं प्रिंट करत नाहीस ना, ते बघ. स्क्रिप्ट संपताना देते तो एक्झिट कोड शून्य आला की प्लगइनच्या दृष्टीने सगळं आलबेल. सीएसव्ही अर्धवट असली तरी बिल्ड हिरवी. सर्व्हर लिनक्सचा असेल तर तिथे कमांड बहुधा पायथॉन३ असते. नाव प्रॉपर्टीत ठेव, विंडोजसाठी वेगळं प्रोफाइल कर.

खरं तर मेवन सोडून ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलवर जा. इनपुट-आउटपुट सांगून ठेवलं की सीएसव्ही बदलली नसेल तर तो टास्क गाळतो.

कोपरीची_ताई
एका सीएसव्हीपायी अख्खी बिल्ड हलवायची? स्क्रिप्टला लागतात किती सेकंद! उगाच पोराला कामाला लावू नका.

ऐरोलीकर
ताई, जमलं! पहिल्याच बिल्डला नवे दर आले. एरर खरंच गिळले जात होते, ते काढले. पण इंटेलिजे एडिटरमध्ये त्या क्लासखाली लाल रेघा येतायत.

कोपरीची_ताई
मेवनच्या पॅनलमध्ये सोर्सेस जनरेट करून फोल्डर अपडेट करायचा पर्याय आहे, तो दाब. क्लीन केल्यावर दरवेळी दाबायचा नसेल तर त्याच पॅनलमध्ये जनरेट-सोर्सेसवर राइट-क्लिक करून बिल्डच्या आधी चालवायचा पर्याय निवड.