वॉरंट आपोआप बाद होत नाही

जुन्या केसमध्ये निघालेल्या अटक वॉरंटचं काय करावं, या चर्चेत "सात-आठ वर्षं झाली की वॉरंट आपोआप बाद होतं" असं कुणीतरी लिहिलंय, ते साफ चूक. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 70 असो की तिच्या जागी आलेल्या आताच्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 72, कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंतच. बाकी स्वतःहून हजर व्हावं, हा तिथलाच सल्ला पटला.

फक्त एक, वकील घेऊन थेट कोर्टात जा. माझ्या मावसभावाने दारू सुटल्यावर तीन वर्षांनी हेच केलं. जुनी मारामारीची केस, तारखा चुकवलेल्या. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज सकाळीच दिला, सोबत व्यसनमुक्ती केंद्राचं पत्र. दंड भरून संध्याकाळी घरी. खरी दमछाक जामीनदार शोधताना झाली (नातेवाईक ऐनवेळी फोन उचलत नाहीत!). केस अजून चालू आहे, तारखेला जातो.