मुंबईतल्या फ्लॅटसाठी बारा बोरचं काडतूस: बारीक छर्रा की एसजी?

बाराबोर_दादर

स्वसंरक्षणासाठी परवान्याची दुनळी घरात असलेल्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "फ्लॅट आहे ना, मग ४ किंवा ६ नंबरच भरा, भिंतीपलीकडे जाणार नाही." ४ आणि ६ नंबर म्हणजे बारीक छर्रा, एसजी म्हणजे मोठा दाणा. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

६ नंबरचा दाणा २.६ मिमीचा, औंसाला (सुमारे २८ ग्रॅम) साधारण २७०. मांसाच्या जागी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनमध्ये तो पाच-सहा इंचांत थांबतो. अमेरिकेची एफबीआय दाणा किमान १२ इंच खोल शिरावा असं धरते, ती उगाच नाही. अंगात जाड कपडे असले किंवा हात आडवा आला की बारीक छर्रा वरच्या वर राहतो. जखम भयंकर दिसते, पण माणूस थांबेलच असं नाही. एसजीचा दाणा ८.४ मिमीचा, औंसाला ८. अमेरिकन डबल-ओ बकशॉट याच मापाचा, आणि तो १२ इंच आरामात ओलांडतो.

भिंतीची भीती आपण अमेरिकेतून उचलली आहे. तिथली घरं जिप्सम बोर्डाची. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतीत आतली भिंतसुद्धा साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली. एसजीचा दाणा तिथेच अडकतो. खरी गळती दार, खिडकी आणि डक्टची. ३०-३५ मिमीच्या फ्लश डोअरमधून एसजी जातो, आणि समोरच्या शेजाऱ्यांचं दार पाच-सहा फुटांवर असतं. म्हणून काडतुसाआधी दिशा ठरवा: बेडरूमच्या कोणत्या कोपऱ्यात उभं राहिलं तर समोर खिडकी नसलेली विटांची भिंत येते?

आणि "छर्रा पसरतो, नेम कशाला" हे डोक्यातून काढा. १० बाय १२ च्या खोलीचा कर्ण साडेपंधरा फूट. यार्डाला एक इंच हा ढोबळ हिशेब धरला तरी फैलाव पाच इंचांचा. नेम धरावाच लागतो.

ट्रिपलए_मुलुंड

दादा, तुमचा हिशेब जुन्या इमारतीचा आहे. नव्या टॉवरमध्ये दोन वेगळ्या अडचणी आहेत. एक, नूतनीकरणात लोक हॉल कापून जिप्सम किंवा प्लायची खोली काढतात आणि मुलं तिथेच झोपतात. दोन, मायवान शटरिंगच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) इमारतीत सगळ्या भिंती काँक्रीटच्या. शिशाचा दाणा काँक्रीटला तिरका लागला की चपटा होऊन भिंतीला धरूनच पुढे सरकतो. पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून उभं राहिलेलं घरातलंच माणूस त्या वाटेत येतं.

एसजीचा एक दाणा साधारण साडेतीन ग्रॅमचा. ट्रिपल ए ५.२ मिमीचा, औंसाला ३५, म्हणजे दाणा ०.८ ग्रॅमचा. हलका दाणा अडथळ्यानंतर वेग लवकर सोडतो. दाणा ६ नंबरपेक्षा कितीतरी खोल शिरतो, चुकलेल्या दाण्याचा धोका एसजीपेक्षा कमी. फ्लॅटसाठी मी ट्रिपल एच घेईन. एसजीहूनही मोठा एलजी तर विषयातच नको.

बाराबोर_दादर

ट्रिपल ए पुरेसा खोल शिरणार नाही असं होऊ शकतं, मोठी हरकत तीच. शिवाय जिप्समचं पार्टिशन ट्रिपल एलाही थांबवत नाही, ४ नंबरलाही नाही. तीन मीटरवर छर्रा अजून पसरलेला नसतो, गोळका होऊनच बोर्डवर आदळतो आणि साडेबारा मिमीचे दोन बोर्ड फोडून जातो. पार्टिशनमागे मुलं झोपत असतील तर त्या दिशेला कुठलंही काडतूस चालणार नाही. दिशाच बाद.

तिरक्या उसळीचं मात्र मान्य. पॅसेजमध्ये घरच्यांनी भिंतीपासून हातभर लांब राहावं, हे आधी सांगून ठेवायला हवं.

जुनी_नळी

दोघांनीही बंदुकीचं वय विचारलं नाही. मुंबईत घरोघरी आजोबांच्या नावावरून वारसाने आलेल्या दुनळ्या आहेत. बऱ्याच जुन्या विलायती बंदुकांचा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचा, म्हणजे अडीच इंची. ७० मिमीचं काडतूस त्यात व्यवस्थित बसतं, बंदूक बंदही होते, आणि फसगत इथेच होते. ७० मिमी ही उडाल्यानंतरची लांबी. मिटलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. नळ्या सुट्या करून खालच्या सपाट भागावरचा शिक्का वाचा. शिक्का झिजला असेल तर बंदूकवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. नळीवर डमास्कसची (पट्ट्या वळून केलेल्या जुन्या नळीची) लहरी नक्षी दिसली तर आजचं काडतूस घालूच नका.

चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेला भाग, हा दुसरा मुद्दा. दुनळीची एक नळी बहुधा फुल चोक असते. एकसंध गोळीचं काडतूस तिच्यातून मारू नये. मोठा दाणाही चोकात दाटतो, त्यामुळे एसजी घेतला तर मोकळ्या चोकाच्या नळीत भरा.

आता आपली हवा. काडतुसाची कागदी पुंगळी जून ते सप्टेंबरमध्ये फुगते. चेंबरमध्ये अर्ध्यावर अडते, किंवा उडाल्यावर निघत नाही. पितळी बुडावर हिरवट थर दिसला, बोटाला खरखरीत लागला, की ते काडतूस वेगळं काढा. घासून चकचकीत करून परत पेटीत ठेवू नका. प्लॅस्टिकची पुंगळी घ्या, मूळ खोक्यासकट हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. चेंबरमध्ये तेल ठेवू नका. ते बुडातल्या कॅपपर्यंत (दारू पेटवणारी टोपी) झिरपलं तर बार फुसका जातो.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरा बार मारायचा नाही. वॅड (दारू आणि छर्रा यांमधलं बूच) नळीत अडकलेला असू शकतो, वरून दुसरा बार गेला की नळी फाटते. घोडा पडला आणि बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, मगच उघडा. घरात २० बोरचीही बंदूक असेल तर तिची काडतुसं वेगळ्या कपाटात. २० बोरचं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी दिसते, आणि मागून १२ चं भरलं जातं.

विधिज्ञ_गिरगाव

काडतुसाआधी कलमं वाचा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. सूर्यास्त ते सूर्योदय यांमधल्या घरफोडीत ४१ संरक्षण देतं, पण ३७ ची मर्यादा आहेच: गरजेपुरतंच बळ, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेला बार कुठल्याही दाण्याने समर्थनीय ठरत नाही.

गिरगाव-परळच्या चाळीत तर मी ट्रिपल एही नाकारतो. दोन बिऱ्हाडांमध्ये लाकडी फळ्या आणि बाहेर सामायिक गॅलरी. तिथे सुरक्षित दिशा नावाची गोष्टच नसते. त्या पैशांत जाळीचा सेफ्टी डोअर, चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू, आतून वरखाली दोन कड्या करा. दार पाच मिनिटं टिकलं तर ११२ ला फोन लागतो.

बाराबोर_दादर

चाळीबद्दल वाद नाही, साहेब. पण दार हा बंदुकीला पर्याय कसा? दार वेळ देतं. दार तुटल्यावर काय, हा प्रश्न उरतोच, आणि परवाना त्यासाठीच मिळालेला असतो.

मेघना_ठाणे

काडतूस कुठलं यापेक्षा ते कुठे ठेवलंय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरात मूल असेल तर भरलेली बंदूक कपाटामागे उभी करून ठेवणं बंद करा. बंदूक पोलादी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या मोठ्यांच्या अंगावर. दुनळी उघडून दोन काडतुसं भरायला सराव असेल तर काही सेकंद पुरतात. सराव डमी काडतुसांनी, खरी खोलीबाहेर ठेवून.

बंद खोलीत बारा बोरचा बार १५० डेसिबलच्या आसपास जातो. कानाचे मफ बंदुकीशेजारीच टांगा.

ट्रिपलए_मुलुंड

ताई, अंधारात कुलूप कसं उघडणार? आकड्यांचं कुलूप लावा आणि टॉर्च कपाटाबाहेर ठेवा. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय घोड्यावर बोट नको. रात्री पाणी प्यायला उठलेलं घरचंच माणूस असतं.

जुनी_नळी

परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, दुकानदार खरेदीची नोंद करतो. एसजी की ट्रिपल ए, जे ठरेल त्याचं आधी एकच खोकं घ्या. रेंजवर परवानगी असेल तर ५ मीटरवर कागद लावून दोन्ही नळ्यांतून दोन-दोन बार मारा. दोन्ही नळ्यांचा मारा एकाच जागी पडत नाही. कुठली डावीकडे खेचते ते कागदावर दिसेल, आणि मग आधी कुठल्या नळीचा बार करायचा ते ठरवता येईल.